प्रयागबाईंची पांजणी

टांडापेठेतल्या आमच्या गल्लीत एका घरी फोडणी पडली की चार घरांत ठसका लागायचा. बाहेरचे लोक नाक मुरडत. एवढ्या दाटीत ही कोष्टी मंडळी राहतात तरी कशी, म्हणत. मला भारी राग यायचा, कारण त्यांनी आमची सकाळ कधी पाहिलीच नव्हती.

लुगडं विणण्याआधी उभं सूत गल्लीभर ताणून त्याला खळ लावतात, तीच पांजणी. खळ वाळायच्या आत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरले पाहिजेत, नाहीतर धाग्याला धागा चिकटून सगळं सूत वाया जातं. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. ज्याची पांजणी असेल त्याच्यासाठी अख्खी गल्ली बाहेर पडायची. आमची दारं दाराला लागून होती ती त्यासाठीच, आणि याचा मला अजून अभिमान आहे.

विधवा प्रयागबाईंसारखा हलका कुंचा गल्लीत कुणाचा नव्हता. १९७१ साली त्यांचा कारकून मुलगा चंद्रभान याने शहराबाहेर प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. गल्लीतलं घर भाड्याने दिलं आणि आईला मागासकट तिकडे नेलं. रस्ता ऐसपैस, हवा मोकळी. शेजारी मात्र हाकेच्या पलीकडे.

बाईंनी त्या रुंद रस्त्यावर सूत ताणलं. मदतीला मुलगा आणि सून, एवढेच. ऊन चढलं, खळ वाळली, सूत काठीसारखं कडक झालं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी सिटी बसने एकट्याच गल्लीत आल्या.

त्यांच्या घरात भाडेकरूंचे माग खडखडत होते. गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. माग बसवायला कोपरा मिळाला नाही तर विणणं कायमचं सुटणार, हे बाईंना कळत होतं.

"काहून उभी वं प्रयागबाई?" शेजारच्या रुपरावजींनी विचारलं.

"मले विणायचं हाये, भाऊ. जागा नाही."

"मंग करू ना जागा."

रुपरावजींनी आपली खाट ओसरीवर काढली. त्यांच्या बायकोने, कौशल्याने, धान्याच्या कोठ्या सरकवल्या, आणि मागावर बसून पाय सोडायला लागतो तो खड्डा खोलीतच खणायला घेतला. माती आम्ही सगळ्यांनी उपसली.

रविवारी चंद्रभान आईला न्यायला आला. गल्लीत बाईंचीच पांजणी चालली होती.

"आई, घरी चाल. इथं किती गर्दी हाये."

बाईंनी मान वर केली नाही. "खळ वाळून राहिली गा. कुंचा घे."

इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या सारून त्याने कुंचा घेतला. सूत वाळलं तेव्हा धागा धागा सुटा होता. त्यावरून हात फिरवताना बाईंना रडू आलं.

संध्याकाळी लेआउटमधला माग बैलगाडीवर घालून चंद्रभाननेच आणला. रुपरावजींचं दार अरुंद होतं. माग आत न्यायला सगळी गल्ली लागली.