बायकांच्या बाजूचं दार

आणीबाणी उठून एखाददोन वर्षं झाली असतील. मी नागपुरातल्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. आमची वस्ती बौद्ध दीक्षा घेतलेल्यांची, आणि वस्तीतल्या बायकांच्या सार्वजनिक संडासाला दारंच नव्हती. बायका तोंडावर पदर ओढून बसत आणि समोरच्या पानठेल्यावर पुरुष बघत उभे राहत. तक्रार केली की हसत.

शेवटी आम्ही बायकांनी कार्पोरेशनवर मोर्चा नेला. साहेब भेटायला तयार नव्हते. तेव्हा आमच्या गल्लीतली मावशी पुढे झाली. माझी आई तिला बहीण मानायची, म्हणून ती माझी मावशी. तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. वयात आल्यावर तिनं लुगडं नेसलं आणि कुही गावाकडचं घर तिला कायमचं बंद झालं. आज तृतीयपंथी असा शब्द आहे. तेव्हा वस्तीकडे एकच शब्द होता, आणि तो शिवी म्हणूनच वापरत. मावशी कार्पोरेशनच्या जिन्यात बसली, टाळ्या वाजवत राहिली आणि दारं कबूल केल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. साहेबांना खाली यावंच लागलं. महिन्याभरात दारं बसली.

आणि लगेच विहारात सभा बोलावली गेली. बोलावणारे पुरुष होते. मावशीनं संडासात बायकांच्या बाजूला जायचं नाही, असा ठराव त्यांना करून घ्यायचा होता. आयाबहिणींच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं जो सगळ्यात मोठ्यानं सांगत होता, तो रोज पानठेल्यावर उभा राहणाऱ्यांतलाच. माझं डोकं सणकलं.

आई बसल्या जागेवरूनच बोलली, "काहून गा, आम्ही उघड्यावर बसत होतो तवा तुमची अब्रू कुठं गेली होती?"

मग कडेला बसलेली एक तरुण सून हळूच म्हणाली, "मले भेव लागते." दिरानं तिला छळलेलं होतं, हे आम्हा बायकांना ठाऊक होतं. तिचा राग मला आला नाही, आजही येत नाही.

मावशी तिच्याकडे वळली. "मलेबी भेवच लागते, बाई. म्हणूनच त दार पायजे होतं."

मी उभी राहिले. आपल्या बापांना विहिरीवर चढू देत नव्हते तेव्हा गावात अशीच सभा भरली असेल, असं मी म्हणाले. एका म्हाताऱ्यानं मला खाली बसायला सांगितलं. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी, आणि मास्तरीण झाली म्हणून काहीही बोलू नये, असं त्याचं म्हणणं. हात वर करायला सांगितले तेव्हा कितीतरी बायकांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. ठराव झाला.

मावशी पुन्हा पहिल्यासारखी रेल्वे लाइनीकडे उघड्यावर बसायला जाऊ लागली. एका पहाटे पोरांनी तिला दगड मारले. भुवईवर फुटलेलं कपाळ पदरानं दाबत ती आमच्या दारात आली. आईनं जखम धुतली, हळद भरली आणि तिचा हात धरला. "चाल वं," एवढंच म्हणाली. दोघी सरळ बायकांच्या बाजूला गेल्या. मावशी आत असेपर्यंत आई दारासमोर उभी राहिली. पानठेल्यावरून शिव्या आल्या, आई हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मीही जाऊ लागले. पुढे ती भिणारी सूनही येऊन उभी राहायला लागली. बोलायची नाही, पण यायची.

आम्हाला वाटलं, निभलं. एका सकाळी गेलो तर बायकांच्या बाजूची सगळी दारं बिजागऱ्यांसकट उपटून नाल्यात टाकलेली. एक बाई नको म्हणून वस्तीतल्या सगळ्या बायकांना पुन्हा उघड्यावर बसवलं त्यांनी, आणि वर बोंब मारली की बघा, हिच्यामुळे झालं. बायकांनीही मावशीलाच बोल लावला. माझा खरा संताप तिथला आहे.

मावशीनं त्याच आठवड्यात वस्ती सोडली. अमरावती रोडवर वाडीला, गोदामांच्या मागे तिला खोली मिळाली. ट्रकवाल्यांसाठी भाकरी थापायची. आई आणि मी भेटायला गेलो तेव्हा तिनं आम्हाला आधी जेवायला वाढलं. आपण पुन्हा मोर्चा काढू, तुम्ही परत या, असं मी सांगत सुटले.

ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तुमी काढा मोर्चा. मी येईन. पण राहाले नाई येणार आता."

परतताना बसमध्ये मी रडत होते, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. शेजारच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.