इच्छा विचारायला आलेली माणसं

फोन हॉस्पिटलमधल्या समाजसेविका बाईंचा होता. एक संस्था आहे, त्या म्हणाल्या, मोठ्या आजारातल्या मुलांची एखादी इच्छा पुरी करते. तुमच्या मुलीचं नाव आम्ही सुचवलंय, शनिवारी त्यांची माणसं घरी येतील, चालेल ना? मी 'चालेल' म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही. भात करपल्याचा वास आला तेव्हा गॅस बंद केला.

आपल्याकडे इच्छा विचारतात कुणाला? डोहाळे लागलेल्या बाईला, नाहीतर फाशी जाणाऱ्याला. माझी मुलगी चौथीत होती. रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून शाळा बंद होती, केस गेले होते, पण औषधं लागू पडतायत असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मग ही माणसं कशाला येतायत? आम्हाला न सांगितलेलं काहीतरी त्यांना सांगितलंय, असं माझ्या मनाने घेतलं, आणि एकदा मनाने घेतलं की माझं मन माझ्या बापाचंही ऐकत नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळच विचारलं. डॉक्टर अस्सल पुणेरी. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, बऱ्या होणाऱ्या मुलांनी काही मागायचंच नाही, असा नियम आहे का?" एरवी मी जशास तसं उत्तर दिलं असतं. मग ते जरा मऊ झाले. उपचार लांबलचक असतात, मुलं कंटाळतात, पुढे काहीतरी छान होणार आहे म्हटलं की त्यांना हुरूप येतो, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. विश्वास एका अक्षरावरही ठेवला नाही. डॉक्टर गोड बोलायला लागले की मला धडकी भरते.

माझ्या भीतीला एक मूळ होतं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी माझे वडील गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळे कठड्यावर बसलेले, टकामका बघत होते, पण एकही खाली उतरेना. भाऊ हात जोडून म्हणाला, "आईला मी नीट सांभाळीन." कावळे ढिम्म. काका म्हणाले, आत्या म्हणाली, मीही काहीतरी पुटपुटले. शेवटी भावाला काय सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, "बाबा, तुमची स्कूटर विकणार नाही." त्याबरोबर एक कावळा आला आणि भाताचं शीत उचलून गेला. आत्या डोळे पुसत हसली. "इच्छा अडकली होती बघ. पुरी झाली, सुटला." लेक तेव्हा माझा हात धरून उभी होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून आणली होती.

मी बँकेत नोकरी करते, कॉम्प्युटरवर काम करते, मांजर आडवं गेलं तर थांबत नाही. पण फोन आल्यापासून ते एकच वाक्य डोक्यात रुतून बसलं होतं. इच्छा पुरी झाली की माणूस सुटतं. आणि मला माझी मुलगी सुटायला नको होती.

शनिवारी संस्थेकडून एक मुलगी आणि एक मुलगा आले. दोघंही हिंजवडीला आयटीत कामाला, तोंडावर मास्क, आल्याआल्या हात धुतले. त्यातली मुलगी लेकीशी फार गोड बोलत होती. "आपण ना, फक्त गप्पा मारणार आहोत, ओके? कुठे जायचंय, कुणाला भेटायचंय, काही बनायचंय, काही हवंय, एनीथिंग." आम्हाला त्यांनी जरा आत बसायला सांगितलं. आईवडिलांसमोर मुलं आईवडिलांना परवडेल तेच मागतात, म्हणून त्यांची ती पद्धतच होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, काही मागू नकोस गं, काही मागू नकोस. असली प्रार्थना कुठल्या आईने केली असेल?

बऱ्याच वेळाने ती मुलगी आत आली. चेहरा पडला होता. "काकू, ती म्हणतेय, काही नको. इट्स ओके, आम्ही परत येऊ." मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना आग्रहाने चहा पाजला.

ते हायसं वाटणं टिकलं नाही. संध्याकाळी तिच्या बाबाने विचारलं, "काय करू जेवायला?" ती म्हणाली, काही नको. दुसऱ्या दिवशी मावशीने व्हिडिओ कॉल करून रंगपेटी पाठवू का विचारलं. काही नको. टीव्हीवर काय लावू? काहीपण. साबुदाण्याच्या खिचडीसाठी एके काळी भांडणारी पोर समोर ताटली ठेवली की चार घास गिळायची, तेही मी डोळे वटारले म्हणून. वजन उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. "मनाने घेतलंय का काही?" त्यांनी विचारलं. या वेळी ते चष्म्यावरून बघत नव्हते, आणि मला जास्त भीती वाटली. म्हातारी माणसं जाण्याआधी अशी एकेक गोष्ट सोडत जातात, हे मी पाहिलेलं होतं.

एका दुपारी मी तिच्यासमोर मऊ वरणभात घेऊन बसले होते. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली. शेवटी रडकुंडीला आले. "अगं, तुला हवंय तरी काय?"

ती म्हणाली, "आई, मी काहीच मागितलं नाही, तर मी आजोबांसारखी सुटणार नाही ना?"

वाटी माझ्या हातातच राहिली. एकाच घरात, एकाच पलंगावर, आम्ही दोघी एकच भीती एकमेकींपासून लपवून बसलो होतो.

मी म्हणाले, "बाळा, कावळ्याला भूक लागली म्हणून तो आला."

"मग आधी का नाही आला? भात तर आधीपासूनच होता."

पुण्यातलं पोर. मी म्हटलं, मला माहीत नाही. मग म्हटलं, मलाही त्याचीच भीती वाटते. हे मी बोलायला नको होतं की काय, कोण जाणे, पण ते ऐकून तिचे खांदे जरा सैल झाले. तिने विचार केला आणि फर्मान काढलं. "मग आधी तू माग. तुझी पुरी होऊ दे. तुला काही झालं नाही, तर मग मी मागीन. पण खोटं खोटं नाही मागायचं."

मी म्हणाले, "मला दुपारी झोपायचंय. कुणी उठवायचं नाही, बेल वाजली तरी नाही." आजारपण सुरू झाल्यापासून मी दुपारी पाठ टेकली नव्हती. तिने बाबाला बोलावून बजावलं, बेलचं बटण बंद करायला लावलं, पडदे ओढायला लावले. मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि खरोखरच झोपले, मेल्यासारखी.

जाग आली ती नाकाखाली काहीतरी गार लागल्यामुळे. तिचं बोट होतं. डोळे विस्फारून ती माझ्यावर वाकली होती. किती वेळ तशी बसली होती देव जाणे. मी रोज रात्री तिच्या नाकाशी हात नेऊन बघते, ते तिला ठाऊक असावं. मी उठून बसले तशी ती माझ्या गळ्यात पडली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून, वाणसामान तपासून घ्यावं तसं विचारलं, "ही तुझी खरी इच्छा होती ना? सगळ्यात मोठी?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यात मोठी."

मग तिने मागितलं. तिला बसची कंडक्टर व्हायचं होतं. कोथरूडहून निघायचं, खांद्याला चामड्याची पिशवी, तिकिटं फाडायची, घंटी वाजवायची आणि लोकांना ओरडून 'पुढे सरका' म्हणायचं. आणि घरी आल्यावर खिचडी. "त्या ताईला आत्ताच्या आत्ता फोन लाव."

मी फोन हातात घेतला. नंबर लावला. मी तिच्याशी खोटं बोलले होते. माझी सगळ्यात मोठी इच्छा ती होती, समोर बसलेली, ती मोठी व्हावी एवढीच. ती इच्छा पुरी झाल्यावर मला सुटावं लागणार असेल, तर मी आनंदाने सुटेन. पलीकडे रिंग वाजायला लागली, आणि लेक मला म्हणाली, "स्पीकरवर टाक ना."