उसन्या सोफ्यावरची स्कॉलरशिप

आमच्या घराला मदतीची गरज आहे हे दाखवायच्या दिवशी मी शेजाऱ्यांकडून सोफा उसना आणला होता.

हसू नका, आधी ऐकून तर घ्या. आमची सायली बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला फिजिओथेरपीला अॅडमिशन मिळाली. कॉलेज खासगी. फीचा कागद पाहून तिचे बाबा (इथे जबलपूरला, घमापुरात एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर काम करतात; तोंड उघडलं की कर लागतो, अशी त्यांची समजूत आहे) तासभर गप्प बसले. तसे ते रोजच बसतात, पण त्या दिवशीचं गप्प वेगळं होतं. सायली म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा. मी बीए करून घेते." अगदी सहज म्हणाली. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना गुडघ्यांचे व्यायाम शिकवत फिरणारी पोर ही! बीए करून काय हिस्टरीचे गुडघे चोळणार होती?

मग आम्ही मोबाईलवर खासगी स्कॉलरशिपा शोधायला बसलो. बाप्पा, काय काय असते या जगात! एक फक्त राष्ट्रीय खेळाडूंसाठी. एक मच्छीमारांच्या मुलांसाठी (नर्मदा तर आपल्याकडेही आहे, असं मी म्हणून पाहिलं, पण सायलीने ऐकलं नाही). एक चक्क जुळ्यांसाठी होती. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आता उशीर झाला." त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात मोठं भाषण.

शेवटी नागपूरचा एक ट्रस्ट सापडला, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांसाठी. फॉर्म भरला, उत्पन्नाचा दाखला काढला, त्याच्या इतक्या झेरॉक्स झाल्या की झेरॉक्सवाला भैया सायलीला नावाने ओळखायला लागला. आणि एक दिवस फोन आला. अर्ज आवडला, आता फक्त गृहभेट बाकी आहे. रविवारी वानखेडे मॅडम येतील, घरची परिस्थिती पाहतील. मॅडमचा रिपोर्ट चांगला आला तर पोरीची फी भरली जाईल, नाही तर बीए.

सायलीने मला तीनदा समजावून सांगितलं की आई, त्या आपली गरज पाहायला येऊन राहिल्या, काही करू नको, घर जसं आहे तसं ठेव. मी तीनदा मान हलवली. पण माझ्या कानात एवढंच शिरलं होतं की नागपूरहून पाहुणे येऊन राहिले! माझं माहेर नागपूरचं. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावश्यांनी "जबलपूरला दिली? हिंदीत?" म्हणून असे सुस्कारे सोडले होते की जसं काही मला काळ्या पाण्याला धाडत होते. तेव्हापासून माझा नियम आहे. नागपूरच्या माणसाने माझं घर पाहिलं तर त्याने जळत परत गेलं पाहिजे.

शनिवारी मी शेजारच्या मिश्रा भाभींकडे गेले. त्यांच्या मुलाच्या लग्नात आलेला सोफा, अजून प्लास्टिकही न काढलेला, मी मागितला. गालिचाही मागितला. समोरच्या गुप्ताजींचा मोठा टीव्ही आणला. दोघांनाही बजावून सांगितलं की उद्या मेहमान आहेत, कोणाला कळायला नको, इज्जतीचा सवाल आहे. आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्याची पेटी, पाणी तापवायचा रॉड, छोटा टीव्ही आणि जिच्यावर सायली अभ्यास करते ती माझी शिलाई मशीन, सगळं मागच्या खोलीत कोंबलं. दार लागेना, तर यांना पाठ लावायला सांगितली. हे म्हणाले, "काहून?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त ढकला."

रविवारी मॅडम आल्या. रिटायर्ड मास्तरीण, खांद्यावर कापडी पिशवी, हातात फॉर्म. सोफ्यावर बसल्या आणि प्लास्टिकवरून सर्रकन पुढे घसरल्या. सावरून त्यांनी फॉर्मवर पहिली खूण केली. मला आपलं वाटलं, एक मार्क मिळाला! मग काय, माझ्या अंगात आलं. त्यांनी विचारलं, टीव्ही? मी म्हटलं, "हा काय, मोठा." खूण. गीझर? म्हटलं, आहे. खूण. वॉशिंग मशीन? "आहे ना, पण मी हातानेच धुते. साफ निघतात." खूण. हे खोकले. सायली मागून माझा पदर ओढून राहिली होती. मला वाटलं, पदर नीट करून राहिली.

त्यावर मी जेवायला वाढलं. पाटवडीचा रस्सा, गोळाभात, पुरणपोळी, आणि जबलपूरला आलात तर ही खाल्लीच पाहिजे म्हणून खोव्याची जलेबी. मॅडमनी ताटाकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, मग पेनाला टोपण लावलं.

"ताई," त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्हाला स्कॉलरशिप कशाला पाहिजे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! सायलीकडे पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. मी घाईघाईने सांगितलं की मॅडम, हा सोफा आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, वीस वर्षं गृहभेटी करते मी, ज्या ज्या घरी सोफा असतो त्या त्या घरी तो शेजाऱ्यांचाच असतो.

आता आली का पंचाईत! मी धावत जाऊन मिश्रा भाभींना ओढून आणलं आणि म्हटलं, सांगा यांना, सोफा किसका है. भाभींनी एकदा मला पाहिलं, एकदा मॅडमना. मैत्रिणीची इज्जत कशी राखायची हे त्या बाईला कोणी शिकवायला नको. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या ठामपणे म्हणाल्या, "इन्हीं का है मैडम. हमारे यहाँ कहाँ ऐसा सोफा!"

मी डोळ्यांनी खुणा केल्या. त्यांना वाटलं, कमी पडलं. त्यांनी गालिचाही माझा करून टाकला. एवढ्यात आवाज ऐकून गुप्ताजी आले. मी हात जोडले, म्हटलं, भैया, टीव्ही तुमचा आहे ना? गुप्ताजींना तर मी काल स्वतः शपथ घातली होती. ते म्हणाले, "अरे नहीं भाभीजी, हम तो मैच देखने आपके यहाँ ही आते हैं." आणि मॅडमना सांगून मोकळे झाले की या गल्लीत इतकं खातंपितं घर दुसरं नाही. दोन साक्षीदार, दोन्ही माझे, आणि दोघांनी मिळून माझ्या पोरीची फी बुडवली. मी मटकन खाली बसले, गालिच्यावर. गालिचाही आता माझाच होता.

मॅडम पिशवी उचलून राहिल्या होत्या. तेव्हा सायली उठली. तिने मागच्या खोलीची कडी काढली. दार आपोआपच उघडलं. आधी एक खुर्ची आली, मग दुसरी, मग रॉड, मग छोटा टीव्ही (तो यांनी झेलला, त्या दिवशी त्यांनी केलेलं एकमेव काम), आणि मागोमाग शिलाई मशीनवरची बायोलॉजीची पुस्तकं धडाधड मॅडमच्या पायाशी.

सायली पुस्तकं गोळा करत म्हणाली, तिच्या त्या अर्ध्या मराठीत, "मॅडम, आईला झूठ बोलायचा शौक नाही. आमच्याकडे कमी आहे ना, म्हणून ती इतकं करते. जास्त असतं तर तिने चाय पाजून तुम्हाला सोडलं असतं."

मला रडूच फुटलं. आनंदाचं, लाजेचं, सगळं मिळून. ज्या पोरीचं मराठी कच्चं म्हणून मी जन्मभर कुरकुर केली, तिने मला तीन वाक्यांत पूर्ण ओळखलं होतं. मिश्रा भाभीही रडल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, पण मला एकटीला रडू देतील त्या मिश्रा भाभी कसल्या!

मॅडमनी एक प्लास्टिकची खुर्ची सरळ केली, तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता आणा ते ताट. तिथे बसून जेवले असते तर घसरून ताटात पडले असते." दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, जलेबी बांधून घेतली, आणि फॉर्मवरच्या सगळ्या खुणा एकेक करून खोडल्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शिष्यवृत्ती मंजूर! 'मंजूर' एवढं वाचलं आणि मी पत्र घेऊन जी धावले ती सगळ्या गल्लीला दाखवत सुटले. गुप्ताजींनी वाचलं, दूधवाल्याने वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. जो तो वाचून माझ्याकडे बघून हसे. मला वाटलं, किती चांगली माणसं, दुसऱ्याच्या आनंदात कशी हसून राहिली! घरी आल्यावर यांनी खालचा शेरा बोटाने दाखवला. मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगी हुशार व प्रामाणिक. वडील शांत. आईने दिलेली कोणतीही माहिती खातरजमा केल्याशिवाय खरी मानू नये.'

संध्याकाळी मिश्रा भाभी मिठाई घेऊन आल्या. बाकी सब समझ गए, म्हणाल्या, बस एक शब्द अटक गया. "भाभी, ये 'खातरजमा' क्या होता है?"

मी जराही न अडखळता म्हटलं, "तारीफ."