मागच्या अंगणातलं निळं दार

आमच्या घरात मी माझ्या हातानं काय काय केलंय ते अख्खी गल्ली सांगेल तुम्हाला. निळ्या दाराचं मात्र कुणी खरं सांगणार नाही. ते मी नवऱ्यापाशी बोलले नाही, आईपाशी बोलले नाही. आज तुमच्यापाशी बोलते. मधेच अडखळले तर अडखळू द्या — हे तोंडातून बाहेर काढायची सवय नाही मला.

आधी माझ्या नादाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धारूरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हा घराच्या भिंतींना नुसते पोपडे. मी मोबाईलवर बघून बघून शिकले. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर घासायचा, मग रंग. सासऱ्यांचे पाठीच्या मणक्याचे जुने एक्स-रे पडून होते, त्यात ब्लेडनं वेलबुट्टी कापली आणि बैठकीच्या भिंतीवर नक्षी उठवली. सासरे म्हणाले, "माझा मणका भिंतीवर चढवला का वं?" लई हसलो आम्ही. ओट्याला संगमरवरासारखा स्टिकर, जुन्या साड्यांचे पडदे, तेलाच्या डब्यांत झाडं. बाया बघायला यायच्या. मिजास होती मला त्याची. अजून आहे, खोटं कशाला बोलू?

पण एक गोष्ट रंगानं होत नव्हती. संडास.

मागच्या अंगणात सासऱ्यांनी कधीतरी तीन भिंती उभ्या केल्या होत्या, वर पत्रे टाकले होते. खड्डा खणायला घेतला तर हातभर खाली काळा खडक. काम तिथंच थांबलं. आत गोवऱ्या रचल्या गेल्या. गल्लीत एकेकीच्या घरी संडास होत गेला, नाल्याकडं जाणाऱ्या बाया कमी होत गेल्या. आत्या — म्हणजे माझ्या सासूबाई — उजाडायच्या आत गुपचूप जाऊन यायच्या. सुनेबरोबर जायला त्यांना संकोच. उरले मी एकटी. तांब्या पदराआड धरून जायचं, गाडीचा उजेड पडला की उठून उभं राहायचं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज मोठी. गावात एवढं छान घर म्हणून नाव माझं, आणि पहाटे मी नाल्यात! हे कुणाला सांगता येतं का?

तर माझा दीर भागवत, त्याच्यासाठी मुलगी बघत होते. मीच शीतलचं नाव काढलं. तलवाड्याची, माझ्या मावशीची लेक. माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. मला ताई म्हणते. शेत किती, विहिरीला पाणी किती, यातलं काही तिनं विचारलं नाही. एक दिवस नुसता फोन केला. "ताई, तुज्या घरात संडास हाय ना? तेवढं मला खरं सांग. बाकी कसंबी असू दे."

का विचारते तेही मला ठाऊक होतं. शाळेत असताना ती संध्याकाळी बाहेर गेलेली, आणि दोन टवाळांनी तिच्यावर मोबाईलचा उजेड मारला. हसत होते म्हणे. ती पळाली, दगडावर पडली, गुडघा फुटला. घरी सांगितलं, पाय घसरला. खरं सांगितलं ते फक्त मला — माझ्या मांडीवर डोकं ठेवून, हुंदके देत. मग महिनाभर ती संध्याकाळची जेवली नाही, बाहेर जावं लागू नये म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी फोनवर काय म्हणाले?

"हाय ना वं. मागं हाय."

तोंडातून निघून गेलं, असं मी मनाशी कितीदा म्हटलं. पण निघून गेलेला शब्द माणूस मागं बोलावू शकतं की नाही? मी नाही बोलावला.

आत्यांनी तर मला आधीच बजावलं होतं. "जे हाय ते सांगा. पोरगी आपलीच हाय, तिला कावून फसवायचं? वर्षभरात बांधू म्हनावं." असं सांगून त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. आणि त्या गेल्या तशी मी कामाला लागले.

गोठ्याचं एक जुनं फळ्यांचं दार होतं, भुंग्यांनी पोखरलेलं. लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरून भोकं बुजवली. घासून घासून हात सोलले. प्रायमर मारला, वर आकाशी निळ्या ऑइलपेंटचे दोन हात. त्या तीन भिंतींच्या उघड्या बाजूला बिजागऱ्या ठोकून ते दार बसवलं, कडी-कोयंडा लावला, कुलूप घातलं. मागून संडासाला असतो तसा एक प्लास्टिकचा पाईप तारेनं बांधून उभा केला, त्याच्यावर जाळीची टोपी. लांबून बघितलं आणि माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. इतकं बेमालूम काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. घरातल्या गडीमाणसांना वाटलं, बाईला नाद आहे, गोवऱ्यांच्या खोलीलाही दार केलं.

मग सगळ्या घराचा व्हिडिओ करून शीतलला पाठवला. बैठक, नक्षी, ओटा, पडदे — आणि शेवटी निळं दार. माझाच आवाज आहे त्यात, लाडिक. "ह्ये बघ, आता तर झालं समाधान? कुलूप हाय बाई, चावी मामांपाशी, ते रानात गेलेत." मामा म्हणजे सासरे. चावी माझ्या कमरेला होती. तिनं उलट लिहिलं, निळा रंग लई छान दिसतोय ताई.

तिचे वडील घर बघायला आले, चहा घेतला, लांबूनच दार आणि पाईप बघून मान हलवली. भाचीच्या घरात कोण कुलूप काढून बघतं? भागवतला तर तिनं विचारलंच नाही. तिनं मला विचारलं होतं ना.

लग्न लागलं. पहिल्याच पहाटे शीतल मागच्या अंगणात आली. हळद अजून अंगाची गेली नव्हती. तिनं हसून हात पुढं केला, मी चावी दिली. दार उघडलं. गोवऱ्या बघत ती उभी राहिली. दार परत लावलं, कुलूपही घातलं, आणि वळली तर तिला मी दिसले. मी दोन तांबे भरून तयार ठेवले होते.

"ताई," एवढंच म्हणाली ती.

आता ऐका. घरच्यांच्या धाकानं केलं, दिराचं लग्न मोडेल म्हणून केलं, असं तुम्हाला वाटत असेल. नाही हो. भागवतला दुसरी मिळाली असती. मला सोबत पाहिजे होती. नाल्याकडं जायला एक बाई पाहिजे होती मला, आणि ती परकी नको होती. त्या पहाटे शीतल माझ्यामागून चालत होती, पदर तोंडात कोंबून, उजेड दिसला की माझ्या पाठीआड होत होती. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी मी त्या वाटेवर घाबरले नाही.

पाठवणीनंतर तिचे वडील तिला न्यायला आले तेव्हा तिनं सांगितलं असणार. ते बैठकीत उभे राहिले, बसले नाहीत. माझ्या नक्षीकडं पाठ करून म्हणाले, "पोरी, तू रक्ताची. तू आमाला फसवलंस?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी डोळ्याला पदर लावून म्हणाले, "मी काय करू काका? आत्यांनी सांगायला लावलं."

आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. खूप वेळ नाही, जरासंच. मग ट्रे खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चुकलं माजं." का म्हणाल्या? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

शीतल आली परत. माझ्या गळ्यात पडून रडली. "तुजा काय दोष ताई, तू तरी काय करशील या घरात?" म्हणाली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. फिरवला मी हात!

पुढं तिनं आणि भागवतनं मशीन आणून खडक फोडला, खड्डा केला, आतून फरशी बसवली. फरशीच्या फटी भरायला मीच बसले होते. दार तेच ठेवलं, निळं. काम पुरं झालं त्या दिवशी आत्या कौतुकानं बघायला आल्या, तर शीतल त्यांना म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई बांधला ह्यो. तुमी जावा नाल्याला."

मी तिथंच होते. हातात सिमेंट होतं.

आत्यांचे गुडघे आता गेलेत. तरी त्या दारामागं एकदाही गेल्या नाहीत. पहाटे काठीचा आवाज येतो, मग अंगणाच्या फाटकाचा. एका हातात काठी, एका हातात तांब्या, एकट्याच जातात. मला जाग असते. त्या नाल्याकडं वळल्या की मी उठते, निळं दार उघडते, आत जाते आणि कडी लावते.