लेकीच्या घरचं पाणी

माझे वडील अमरावतीला माझ्याकडे यायचे तेव्हा पाणी सोबत आणायचे. फिरकीचा पितळी तांब्या, पातूरजवळच्या आमच्या विहिरीवर भरलेला. फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा. बैठकीत खुर्चीवर बसून ते तेच खायचे, तेच प्यायचे, आणि तांब्या संपला की परतीच्या एसटीची वेळ विचारायचे. आमच्या घरची रीत अशी की लेकीला मुलगा होईस्तोवर आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मला पहिली मुलगी झाली. दुसरीही मुलगीच झाली. तेव्हा दवाखान्यात बाळाकडे एकवार पाहून बाबा म्हणाले, "पुढच्या खेपेले पाहू."

मी त्याच दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. पुढे ते भेटायला आले तेव्हा तोंडावर सांगितलं, की पुढची खेप नाही. आता माझ्या घरचं पाणी तुम्हाला जन्मात मिळत नाही.

"मले काई तान नाई लागून राहिली," ते म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागून माय उठली. बाबा पीत नाहीत म्हणून तीही पीत नसे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., गणित घेऊन. हे मी सांगत फिरते, कोणाला खटकलं तर खटको. आमचा पानमळा होता. वेलींना चामड्याचा, पाळीचा, कशाकशाचा विटाळ होतो म्हणून मळ्यात चप्पल चालत नव्हती, आणि वयात आल्यावर मीही चालत नव्हते. भाऊ आत पानं खुडायचा, मी कुंपणाबाहेर पाटीपाशी बसून ती मोजून रचायची. गणित तिथंच आलं म्हणा. मामाकडे राहून कॉलेज केलं, शाळेत नोकरी धरली, नवऱ्याच्या बरोबरीने घर उभं केलं. एवढं सगळं झालं तरी त्या खुर्चीवरचा माणूस तांब्याची फिरकी उघडायचा आणि मी पुन्हा कुंपणाबाहेर.

मग ती दुष्काळाची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षं आली. सकाळचा पेपर उघडावासा वाटायचा नाही, अशी. पानवेलीला पाणी रोज लागतं, ती कपाशीसारखी वाट पाहत नाही. आमची विहीर आधी जानेवारीत, मग दिवाळीतच तळ दाखवू लागली. वेली खालून पिवळ्या पडत गेल्या आणि एका उन्हाळ्यात बाबांनी स्वतःच्या हाताने मळा मोडला. भाऊ तोवर अकोल्यात राहायला गेला होता, तिसऱ्या मजल्यावर. बाबांचे गुडघे जिना चढू देत नव्हते.

भावाचा फोन आला. आधी पाऊसपाणी, पोरींचा अभ्यास, असं बरंच इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "तुयाकडं खालची खोली रिकामीच हाय ना?"

मी त्याला पुढचं वाक्य जुळवूही दिलं नाही. "पाठव," म्हटलं.

"पण बाबाले तिथं येगळा ओटा पायजे. स्टोव्ह देतो, ज्वारी मी धाडत जाईन. म्हंजे कसं, खोली तुयी, पण अन्न पोराचं."

"हो, हो," म्हटलं मी.

शाळेत, गल्लीत सगळ्यांनी कौतुक केलं. लेक असावी तर अशी. मी ऐकून घेतलं. मी कशाची वाट पाहत होते ते फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं.

त्या खोलीला अंगणात उघडणारं दार होतं. मोरी, संडास मागच्या बाजूला. मी मिस्त्री बोलावला. आमच्या भागातली निम्मी घरं बांधलेले चाचा, मुसलमान गृहस्थ, बोलायला मोकळे. त्यांना सांगितलं, अंगणाकडचं दार विटा लावून बुजवा आणि आतली भिंत फोडून स्वयंपाकघरात दार काढा. ओटा नको.

चाचांनी टेप गुंडाळला. "बाई, मंग बुजुर्ग माणसाले मोरीत जायाले बी रोज तुमच्या रसोईतून जा लागन."

"लागन."

"किसलिए पण?"

"ते माझे वडील आहेत. लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत."

चाचा हसले. "समजलं. आमच्यातबी असे वालिद असतात." आणि घण उचलला.

घरी परतलेल्या नवऱ्याने धूळ पाहिली. "अवं, म्हातारा माणूस हाय तो. पाहुणचार करून राहिली का कैद?"

"दोन्ही."

"मी तुया मधात येत नाई," म्हणाला, आणि पोरींना घेऊन आइस्क्रीम खायला गेला.

खोली मात्र मी अशी सजवली की बोट ठेवायला जागा नको. भिंतींना पांढरा चुना, मायसाठी उंच पलंग, मोरीत धरायला लोखंडी दांडी, खिडकीला वाळ्याचा पडदा. उद्या कोणी म्हणायला नको, की लेकीने हाल केले. हाल करायचेच नव्हते. एकच गोष्ट करायची होती: त्यांनी मागायचं आणि मी द्यायचं.

मे महिन्यात दुपारी भावाची गाडी आली. ज्वारीचं पोतं, स्टोव्ह, दोन ट्रंका. तांब्याही होता, पण मळ्यातल्या विहिरीत भरायला काही उरलं नव्हतं. तो वाटेतच कुठे तरी भरला होता आणि गाडीतच संपला होता. भाऊ सामान उतरवून चहालाही न थांबता निघाला. बाबा खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले.

"अंगनाकडलं दार?"

"बुजवलं."

"काहून?"

"पावसात पाणी येत होतं."

भर उन्हात त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओटा?"

"ओटा स्वयंपाकघरात आहे. माझा."

ते पलंगावर बसले. माय मात्र बसली नाही. ती सरळ नव्या दारातून स्वयंपाकघरात गेली, माठावरची झाकणी काढली आणि उभ्याउभ्या दोन पेले प्याली. पदराने तोंड पुसून तिथूनच म्हणाली, "अवो, आजवर तुमच्यासंगं तानी राहिली. आता गुडघेबी दुखतात. दोन्ही कामं एका टायमाले मले नाई झेपत."

खोलीत कूलर घरघरत होता. बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "पानी नळाचं हाय ना? नळ सरकारचा असते."

"बोअरचं आहे," मी म्हटलं. "बोअर मी मारली. कागद माझ्या नावावर."

त्यांनी मान फिरवली. मायला कणव आली असावी. तिने पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "घ्या. हे मी देऊन राहिली. बायकोच्या हातचं तर चालते ना?"

बाबांचा हात पुढे आला. मी मधेच तो पेला मायच्या हातातून घेतला. मायने माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

"तिच्या हातून नका घेऊ," मी म्हटलं. "तिचं घर नाही हे. माझं आहे. मला मागा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. ओठ कोरडे झाले होते त्यांचे, पांढरे. मी पाहिलं आणि पेला तसाच धरून उभी राहिले. मला दया यायला हवी होती, असं ऐकणारे म्हणतात. आली नाही.

"दे," ते म्हणाले.

"काय?"

"पानी दे, बाई."

मी दिलं. ओठ न लावता, वरून धार सोडून प्यायले, आणि अर्धं सदऱ्यावर सांडलं.

"अजून?"

"दे."

दुसरा पेला दिला. तोही संपला. मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी स्वयंपाकघरात आले. माय ओट्याला टेकून उभी होती. हळूच म्हणाली, "झालं समाधान?"

"पाणी झालं," मी म्हटलं. "जेवण राहिलं."

तिने परात पुढे ओढली. मग स्वतःच डब्यातून पीठ काढून दिलं. "मंग भाजीत तिखट जरा कमी टाक. त्याईले सोसत नाई आता."

तिखट मी नेहमीइतकंच टाकलं.