बिळात भरलेल्या काचा

सेवेतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र मिसळत नाही. मिसळलं असतं तर बरं झालं असतं.

माझे वडील जर्मनीत इंजिनिअर म्हणून आले. मी इथेच वाढलो, पोलिसात भरती झालो आणि शेवटची वर्षं हॅनोव्हरबाहेरच्या एका लहान ठाण्यात काढली. घरात मराठी, ठाण्यात जर्मन.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. शेताच्या वाटेवर एक डाक्स बसलाय, जवळ गेलं तरी हलत नाही, पुढचे पंजे रक्ताने भरलेत. डाक्स म्हणजे आपल्या बिज्जूसारखा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, जमिनीखाली राहणारा प्राणी. तो दिवसाढवळ्या उघड्यावर बसत नाही. मी तिथल्या शिकाऱ्याला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं.

"मादी आहे. दूध येतंय हिला," तो म्हणाला. तिचे पंजे कामातून गेले होते. दुसरा उपाय नव्हता, त्याने गोळी घातली.

रक्ताच्या खुणा धरून आम्ही एका प्लॉटवर पोहोचलो. तिथे घर बांधायला घेतलं होतं. कडेच्या उतारावर जुनी झाडं होती आणि त्यांच्या मुळांत बीळ. बिळाची सगळी तोंडं बुजवलेली. मादी एका बाजूने कशीबशी उकरून बाहेर पडली होती. आम्ही सांभाळून माती काढली. पिल्लं आत होती, थंड पडलेली.

इथे झाडं तोडायची मुभा फेब्रुवारीअखेरपर्यंतच असते. मार्चपासून पक्ष्यांच्या विणीसाठी बंदी. आणि नेमक्या त्याच दिवसांत डाक्सची मादी पिल्लांपाशी असते. अशा बिळाजवळ मशीन न्यायचं नाही, आधी निसर्गसंरक्षण कार्यालयाला कळवायचं, असा नियम. जनावर जिवंत गाडणं हा तर फौजदारी गुन्हाच.

मातीत विटांचे तुकडे होते, चांगले ठोकून बसवलेले, आणि मधे फोडलेल्या बाटल्यांच्या काचा.

"केवढा हा क्रूरपणा," माझा सहकारी म्हणाला.

मी एक काच उचलून पाहिली. लहानपणी सुट्टीत मी साताऱ्याला मामाकडे जायचो. परसात घुशी झाल्या की मामा बिळात असंच भरायचा. आमच्या ठाण्यात हे ओळखणारा मी एकटाच होतो, आणि ओळखल्याचा मला काहीच आनंद झाला नाही.

संशय आधी मशीनच्या ड्रायव्हरवर गेला. तो चिडला. "बीळ दिसल्यावर काम मीच थांबवलं. मालकाला जागेवर नेलं, डाक्स आहे म्हणून सांगितलं. आता पुढच्या हिवाळ्यात बघू म्हटलं."

मालक पुण्याचा, पस्तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर निघाला. खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाला, "सर, मराठीत बोलू या का? तुम्ही आपलेच आहात."

मी त्याचे हक्क जर्मनमध्येच वाचून दाखवले. वकील नको म्हणाला आणि लगेच कबूल झाला. "हो, मीच बुजवलं. मार्च लागला असता तर सगळं वर्षभर अडकलं असतं."

"कशाने बुजवलं?"

"मातीने. दगडही होते."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

काचांचं नाव नाही. इतक्या पटकन आलेल्या कबुलीवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

बाहेर बाकावर त्याचे वडील बसले होते. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त, मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेले. बोटांना पट्ट्या. मला बघून उठले.

"साहेब, त्याला कशाला बसवलंय? मी केलंय ते. घुशींनी सगळा उतार पोखरला होता."

"काका, आता काही बोलू नका," मी म्हणालो. तपास करणारा आणि दुभाष्या, दोन्ही मी होऊ शकत नव्हतो. शहरातून दुभाषी बाई येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

जबाबात त्यांना पिल्लांचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत होते.

"या घुशी नाहीत," ते हळूच म्हणाले.

त्यांना जर्मन येत नव्हतं. त्या बिळाबद्दल त्यांना सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि ड्रायव्हरने त्याला डाक्सबद्दल स्पष्ट सांगितलं होतं. घुशी आहेत असं कोण म्हणालं, हा प्रश्न मी दुभाषी बाईंमार्फत विचारला.

"कुणी नाही. माझा मीच समजलो."

"मुलगा काही म्हणाला होता?"

"नाही म्हटलं ना, साहेब."

मी तो जबाब मुलापुढे ठेवला. त्याने तो ऐकला, पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, "आल्झो... म्हणजे, बाबा सांगतात तसंच झालं." आधीची कबुली त्याने मागे घेतली.

पुढे सरकारी वकिलांनी वडिलांवरचं प्रकरण दंडावर मिटवलं. मुलाविरुद्ध पुरावा नव्हता.

जबाब झाले त्या दिवशी दोघं ठाण्याबाहेर पडले तेव्हा मी खिडकीत होतो. मुलाने गाडीचं दार उघडून धरलं. वडील त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तू हो पुढे. मी येतो चालत." घर लांब होतं, रस्ता त्यांना ठाऊक नव्हता, थंडी होती. ते चालू लागले. मुलगा गाडी हळूहळू त्यांच्या मागून नेत राहिला. पुढे जाऊन थांबण्याची त्याची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून जबाब घेताना मी एक गोष्ट बघू लागलो. माणूस बोलताना कुणाकडे बघायचं टाळतोय, ते. कागदावर ते उतरत नाही आणि कोर्टात त्याचा उपयोगही नसतो.