खापर गाडीत, खापर घरात

मायने दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि सरळ येऊन गाडीच्या पुढच्या सीटवर बसली. मागे वळून पाहिलं नाही. माझ्या वडिलांना, आबांना, जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते आणि मी तिला सुरतेला माझ्याकडे घेऊन चाललो होतो. अमळनेर मागे पडलं, धुळं आलं. शेवटी म्हटलं, "माय, दोन-तीन महिने राहा. घर नीट करून घेतो आणि तुला आणून सोडतो." ती "हां, हां" म्हणाली. साक्रीच्या अलीकडे तिने विचारलं, "काच लाव ना भो. याले एसी शे ना?" मी एसी लावला. मनात म्हटलं, बघा, दुःख कसं झाकते आहे.

त्याला आता तीन वर्षं होतील.

माझं स्वतःचं निघणं याहून साधं होतं. विशीत होतो. अमळनेर स्टेशनावर आबा पॅसेंजरच्या खिडकीशी उभे होते. "काम जमनं नही तं परत ये. जमनं तं आखो दोन जनेसले बलाई ले," एवढंच म्हणाले. काम जमलं. आधी डाइंग मिलमध्ये, मग कापड मार्केटात गठ्ठे उचलत, आणि आता लेसपट्टीचं स्वतःचं छोटंसं दुकान आहे. आबांचा दुसरा शब्दही मी पाळला, जरा जास्तच पाळला. आधी चुलतभाऊ आला, मग त्याचा मेव्हणा, मग गल्लीतला एकेक. उधना भागात एकेका खोलीत आम्ही आठ-आठ जण राहिलो. आता फ्लॅट आहेत, पोरं गुजराती शाळेत शिकली, भाजीवाल्याशी आम्ही "केटला" म्हणून भाव करतो आणि भांडण मराठीत करतो. माझी लेक खुशी आजीला "बा" म्हणते. सोसायटीतही मायला सगळे बाच म्हणतात. गावात तिला अक्का म्हणायचे.

मायला परत आणून सोडायचं हे मात्र मी विसरलो नव्हतो. आमचं घर धाब्याचं, मातीच्या छपराचं, गावाच्या टोकाला, मागे मोठं खळं. गेल्या वर्षभरात मी धाब्यावर पत्रे टाकून घेतले, मागे संडास-बाथरूम बांधलं, मोटर बसवली. मायला यातलं काहीच सांगितलं नाही. तिला एकदम दाखवायचं आणि म्हणायचं, हे घे तुझं घर, असा बेत होता. बायकोला, सुनीताला, माहीत होतं. धुळ्याच्या बहिणीला, मंगलला, माहीत होतं. मायच तेवढी अंधारात.

ऑगस्टात स्वातंत्र्यदिनाची सुट्टी शनिवार-रविवारला लागून आली आणि आम्ही निघालो. व्यारा, सोनगड, मग नवापूर. नवापूर ओलांडलं की मला आपोआप खिडकी उघडावीशी वाटते. सुनीता म्हणते, "आली याची हवा."

घरासमोर गाडी थांबली तसे शेजारचे नाना ओट्यावरून उठले. किल्ली त्यांच्याकडेच असते. "उनात का पाहुना?" पाहुणे आलात का, असं त्यांनी हसत विचारलं. ते मायला काहीच लागलं नाही, मला लागलं. माझ्याच दारात मी पाहुणा. मायने सगळं घर फिरून पाहिलं. नवा नळ सोडला, बंद केला. पत्र्यांकडे मान वर करून पाहिलं. "चांगलं करं," म्हणाली आणि चहाला लागली. मी मनातल्या मनात हरखलो.

शनिवार सगळा खळ्यात गेला. गाजरगवत कमरेएवढं माजलं होतं, तरोटा त्याहून वर. मंगल आणि तिचे यजमान सकाळीच धुळ्याहून आले, येताना नर्सरीतून मी सांगितलेली रोपं घेऊन आले. वांगी, टोमॅटो, मिरची, एक मोगरा, एक कढीपत्ता. दाजींनी पाच मिनिटं विळा चालवला, कंबर धरली आणि कडुनिंबाखाली खाट टाकून देखरेखीचं काम स्वतःकडे घेतलं. तिथून ते आम्हाला गवत कुठे राहिलं ते दाखवत होते. खुशी स्पोर्ट्स शूज, हातमोजे, तोंडाला ओढणी अशा थाटात आली. तिला पाहून नाना म्हणाले, "हाई डाक्टरीन कोनी आनी?" गवताखाली गांडूळ दिसलं की ती गुजरातीत ओरडायची आणि मग त्याचा फोटो काढायची.

मी वाफे ओढले. मला अजून वाफा सरळ ओढता येतो याचा मला इतका आनंद झाला की मी सुनीताला दोनदा बोलावून दाखवला. ती म्हणाली, "दुकानातली लेस अशी सरळ लाव एकदा." मायचा हा वांग्याचा वाफा, हा मिरचीचा, सकाळी उठून ती इथे पाणी घालील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि त्या चित्रापायी हाताला आलेले फोड मला गोड वाटत होते.

दुपारी वरणबट्टी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या बट्ट्या, त्यावर वरण, त्यावर तूप, आणि वांग्याची घोटलेली भाजी. वरणबट्टी खाल्लेला माणूस पुढचे दोन तास कोणाच्या कामाचा राहत नाही. दाजी तर आधीपासूनच नव्हते. आम्ही सगळे ओट्यावर, खाटांवर, जिथे सावली तिथे आडवे झालो. कुठे भोंगा नाही, लिफ्टचा आवाज नाही. सुरतेत मला झोपायला गोळी लागते. इथे मी अंगातला घामेजला सदरा न काढता घोरलो.

उठलो तर माझ्या वाफ्यांत भलतंच काही उभं होतं. कडुनिंबाखाली आपोआप उगवलेली बोटभर रोपटी मायने खुशीच्या हातून उपटून आणून माझ्या वांग्याच्या वाफ्यात लावली होती. कुंपणाला शेवग्याच्या फांद्या रोवल्या होत्या. मिरचीच्या वाफ्यात सीताफळाच्या बिया. आणि नर्सरीची सगळी रोपं, मोगऱ्यासकट, नानांच्या अंगणात जाऊन बसली होती. मी म्हटलं, "माय, ही वांगी आपल्याला होती ना?" ती म्हणाली, "नाना रोज पानी टाकतीन." मला वाटलं, मायचा हात पहिल्यापासूनच देता. पुन्हा आणू रोपं, त्यात काय.

संध्याकाळी मी गाडीतून टॉर्च काढायला गेलो तर डिकीत आमचं खापर होतं. पालथं घालून त्यावर चादरीएवढे मांडे करायचे ते मातीचं खापर, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. मला वाटलं, खुशीचा उद्योग असणार, दाखवायला नेत असेल मैत्रिणींना. मायला इथे सणावाराला खापर नको का? मी ते उचलून पुन्हा स्वयंपाकघरात ठेवलं. सकाळी पाहिलं तर खापर परत डिकीत. मी परत घरात आणलं. सुनीता दारात उभी राहून माझी ही ये-जा पाहत होती आणि हसत होती. तिला केव्हाच कळलं होतं, असं ती आता सांगते.

रविवारी सकाळच्या चहाच्या वेळी माय ओट्यावर आली आणि तिने सगळ्यांसमोर विचारलं, "गाडीमाईन खापर कोनी काढं?"

मी म्हटलं, "मी काढलं." आणि म्हटलं, आता सांगूनच टाकावं. घसा खाकरून सांगितलं. की माय, तुला शब्द दिला होता, तीन वर्षं झाली, उशीर झाला. पण आता घर तयार आहे. पाणी घरात आहे, रात्री बाहेर जायला नको, नाना शेजारी आहेत, मंगल धुळ्याहून तासाभरात येते. तू आता इथे राहा, आज आमच्याबरोबर येऊ नकोस. मंगलने डोळ्यांना पदर लावला. दाजीसुद्धा खाटेवर उठून बसले.

मायने बशी खाली ठेवली. "आठे?" ओट्याकडे बोट करत ती म्हणाली. "आठे मी एकली काय करसू?"

मी गल्लीकडे हात केला. हात केला आणि तिथेच राहिला. समोर रघुनाथ मामांचं दार, कुलूप. त्याच्या पलीकडे कुलूप. विहिरीकडच्या तिन्ही घरांना कुलूप, एकाच्या दारात तर एरंड उगवलेला. त्यातली निम्मी माणसं सुरतेला माझ्याच हाताने कामाला लागली आहेत.

"बठ्ठं गाव तं तठेच शे," माय शांतपणे म्हणाली. "आठे नुसता घरेच शेतस." खरंच, सगळं गाव सुरतेत, इथे नुसती घरं.

मग ती सुरू झाली. मला वाटायचं, ती संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर एकटी बसून गावाची वाट पाहते. ती तिथे बसते, पण एकटी नाही. चोपड्याची एक, शिंदखेड्याची एक, आमच्याच गल्लीतल्या दोघी आणि त्यांना येऊन मिळालेली सौराष्ट्राची एक बा. अहिराणी आणि गुजराती मिसळून त्यांचं काय चालतं ते त्यांनाच कळतं. येत्या सणाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चूल मांडून मांडे करायचं ठरलंय, वॉचमनला मायने आधीच पटवलंय. खापर त्यासाठी हवं होतं. सुरतेत तसलं खापर मिळत नाही, फुटलं तर दोष कोणाला, म्हणून स्वतःच्या लुगड्यात बांधून तिने ते डिकीत ठेवलं होतं आणि कोणीतरी येडं माणूस ते दोनदा काढून ठेवत होतं.

"मंग ती निंबाची रोपं?" मी विचारलं.

"त्यासले कोनी पानी टाकानं काम नही," माय म्हणाली. घरात कोणी नसताना जगेल तेच तिने लावलं होतं. शुक्रवारी आली तेव्हापासून ती घराची आवराआवर करत होती आणि मी तिच्या संसाराची मांडामांड करत होतो. दोघं एकाच खळ्यात, पाठीला पाठ लावून.

खुशीला हसू आवरेना. मग मंगलला, मग मलाही. पण हसता हसता माझा चेहरा पडलेला मायने पाहिला असणार. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुले ऱ्हावानं शे ना भो, तं तू ऱ्हाय," ती म्हणाली. "मना नाव नको सांगू."

हे मी कोणाला सांगितलं नसतं. पण तुम्ही जे गावात नानांसारखे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्या मागोमाग आलात, तुमच्यापासून काय लपवायचं? वर्षभर पत्रे, नळ, मोटर केली ती मी माझ्यासाठी केली. माय त्या घरात असली की मी घरी जातो असं मला म्हणता आलं असतं. ती नसली की ते नुसतं एक बंद घर, आणि मी त्याच्यासमोर गाडी लावणारा सुरतेचा एक माणूस. मायने तीन वर्षांत सुरत आपली केली. मला तिथे पंचवीसहून जास्त वर्षं झाली, आणि अजून कोणी "कुठले?" विचारलं की मी उधना सांगत नाही.

खापर मी माझ्या हाताने डिकीत ठेवलं. आजूबाजूला दोन उशा लावल्या. रोपट्यांना आळी करून दिली, निंबाची रोपटी पायाखाली जाऊ नयेत म्हणून काटे लावले. मंगल आणि दाजी धुळ्याला गेले. आम्ही निघेपर्यंत दुपार झाली. माय पुढच्या सीटवर बसून "चाल ना भो, उशीर व्हई ऱ्हायना" म्हणत होती, कारण बाकावर तिची वाट पाहत असतील.

नाना किल्ली घ्यायला आले. गाडीच्या खिडकीशी वाकून त्यांनी मायला विचारलं, "अक्का, आते कवय येशात?"

मायने माझ्याकडे बोट केलं. "त्याले इचारा भाऊ. मी तं आते सुरतनी शे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गावी यायला मला काहीतरी कारण लागायचं. कुणाचं लग्न, आबांचं दुखणं, मायला भेटणं, तिच्यासाठी घर नीट करणं. त्या क्षणी एकही उरलं नव्हतं, आणि तरी मला यायचं होतं. "पुढच्या महिन्यात येतो, नाना," मी म्हटलं. "एकलाच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, एकटाच. काही काम नाही, घरी येतोय."